नेम साधतो तो नेमाने



उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे गावोगाव आंब्याखाली पोरांची गर्दी जमते. त्यातला एखादा दगड भिरकावतो आणि पहिल्याच दगडात कैरी खाली येते. बाकीची पोरे ओरडतात, "काय नेम आहे रे तुझा!" पोरगा फुशारतो, दुसरा दगड घेतो. तो फांदीला लागतो. तिसरा पानांतून निघून जातो. चौथा शेजारच्या कौलांवर पडतो, आणि मग सगळेच पळ काढतात. आता आपणच सांगा, या पोराचा नेम चांगला होता का? एक कैरी त्याने पाडली खरी. पण ती कशी पडली हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. जे कसे झाले ते ठाऊक नाही, ते पुन्हा करून दाखवता येत नाही.

आपल्या मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नेम म्हणजे लक्ष्यावर धरलेला रोख. आणि नेम म्हणजे रोजचा न चुकणारा परिपाठ. आजी पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, तो तिचा नेम. वारकरी आषाढीची वारी चुकवीत नाही, तो त्याचा नेम. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात याचे कुणाला नवल वाटत नाही. पण धनुर्विद्येचा इतिहास पाहिला म्हणजे कळते की पहिला नेम दुसऱ्या नेमाखेरीज साधतच नाही. हे माणसाला कसकसे उमगत गेले, त्याची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. ती बरीचशी इंग्लंडात घडली. पण आरंभ आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू.

द्रोणाचार्यांनी झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवला आणि शिष्यांना विचारले, "तुला काय दिसते?" कुणाला झाड दिसले, कुणाला फांदी, कुणाला भाऊ आणि गुरुजीसुद्धा. अर्जुनाला फक्त लक्ष्य दिसले. ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जाते. परंतु महाभारताच्या आदिपर्वात अर्जुनाची आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. एकदा अर्जुन रात्री जेवायला बसला असता वाऱ्याने दिवा विझला. अंधारातही त्याचा हात बरोबर तोंडाकडेच जात राहिला. त्याच्या मनात आले, हात न बघता तोंडाशी जातो तो सवयीने. मग अंधारात बाण का मारता येऊ नये? त्या दिवसापासून तो रात्री सराव करू लागला. धनुष्याच्या दोरीचा टणत्कार ऐकून द्रोण उठून आले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरले.

पाहा बरे, पहिल्या गोष्टीत अर्जुनाचे डोळे आहेत, तर दुसऱ्या गोष्टीत त्याचा हात आहे. आपण डोळ्यांची गोष्ट सांगतो आणि हाताची विसरतो. मग पोरांना वाटते, नेम ही देवाने द्यायची गोष्ट आहे. एखाद्याच्या डोळ्यात ती असते, एखाद्याच्या नसते. हा समज खरा की खोटा, याचाच निकाल या इतिहासात लागतो.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे मध्ययुगात माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहूनही मोठे लाकडी धनुष्य वापरीत. १३४६ साली क्रेसी येथे आणि १४१५ साली आझिंकूर येथे इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला, त्यात या धनुर्धरांचा मोठा वाटा होता. साहजिकच राजांना धनुर्धर हवे असत. १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने आज्ञा काढली की, सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी इतर खेळ सोडून धनुष्याचा सराव करावा. पुढे १५४१ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत कायदा झाला, की चोवीस वर्षांवरील माणसाने २२० वारांहून जवळच्या स्थिर लक्ष्यावर बाण मारू नये. २२० वार म्हणजे सुमारे २०० मीटर.

पण एक लक्षात घ्या. लढाईत समोर हजारो माणसांची फळी असे. हजारो धनुर्धर एकदम बाण सोडीत. कुणाचा बाण कुणाला लागला, हे विचारण्याची गरज नव्हती. तेथे हवी होती ताकद, पल्ला आणि झपाटा. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बाण मारणे हा प्रश्न वेगळा आहे. त्याचा विचार पद्धतशीरपणे लिहून काढला तो एका शिक्षकाने. गुरुजी मंडळींनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

त्या शिक्षकाचे नाव रॉजर ॲस्कम. केंब्रिज विद्यापीठातला हा ग्रीक भाषेचा पंडित. १५४५ साली त्याने 'टॉक्सोफिलस' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. टॉक्सोफिलस म्हणजे धनुष्यावर प्रेम करणारा. पंडितांनी लॅटिनमध्ये लिहावे असा तो काळ. पण ॲस्कमने हे पुस्तक आपल्या लोकांच्या भाषेत, इंग्रजीत लिहिले. धनुर्विद्येवरचे ते इंग्रजीतले पहिले पुस्तक. ते त्याने आठव्या हेन्रीला अर्पण केले आणि राजाने त्याला वर्षाला दहा पौंडांचे वेतन बांधून दिले.

योगायोग असा की, त्याच १५४५ सालच्या जुलै महिन्यात हेन्रीचे 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज पोर्ट्समथ बंदराजवळ बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या जहाजावर १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. म्हणजे ज्या धनुष्यांविषयी ॲस्कम लिहीत होता, ती आज आपल्याला प्रत्यक्ष पाहायला मिळतात. ती इतकी दणकट आहेत, की आजच्या सामान्य तरुणाला त्यांची दोरी पूर्ण ओढणेही कठीण जावे.

ॲस्कमने काय केले? बाण मारणे ही एक क्रिया आहे असे लोक समजत. त्याने तिचे पाच भाग पाडले. उभे राहणे, बाणाची खाच दोरीत बसवणे, दोरी ओढणे, ओढून क्षणभर धरणे आणि सोडणे. बस्स, एवढेच. ऐकायला किती साधे वाटते! पण त्यामुळे मोठा फरक पडला. आधी एखाद्याचा बाण चुकला, तर लोक म्हणत, "याला जमत नाही." आता विचारता येऊ लागले, "पाचांपैकी कुठे बिघडले?" पाय हलला का? खाच खालीवर बसली का? सोडताना हात झटकला का? चूक कुठे आहे ते कळले, म्हणजे अर्धी दुरुस्ती झालीच. विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर शहाणा माणूस त्याला लाथ मारीत नाही. तेल पाहतो, पट्टा पाहतो, नळी पाहतो. ॲस्कमने माणसाच्या चुकीकडे तसे पाहायला शिकवले.

त्याची नजरही मोठी मिस्कील होती. बाण मारताना लोक काय काय चाळे करतात, याची त्याने मोठी यादीच दिली आहे. कुणी मान वेडीवाकडी करतो, कुणी ओठ चावतो, कुणी जीभ बाहेर काढतो, तर कुणी असे डोके पुढे काढतो, की जणू लक्ष्याला चावाच घ्यायचा आहे. आपल्या शाळेतले गोळाफेकीचे किंवा लिंबू-चमच्याचे सामने आठवा, म्हणजे हे सगळे चेहरे तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहतील. ॲस्कम हसतो, पण त्याचे म्हणणे गंभीर आहे. हे चाळे करणाऱ्याला ते दिसत नाहीत. म्हणून दुसऱ्या कुणीतरी पाहून सांगावे लागते. शिक्षक लागतो तो याचसाठी.

वाऱ्याविषयीचे त्याचे निरीक्षणही ऐकण्याजोगे आहे. एकदा तो यॉर्कशायरमध्ये घोड्यावरून चालला होता. जमिनीवर बर्फ पडले होते आणि वारा ते भुरभुर उडवीत होता. एरवी न दिसणारा वारा त्या दिवशी बर्फामुळे डोळ्यांना दिसला. ॲस्कम पाहत राहिला. वारा सगळीकडे सारखा वाहत नव्हता. एका पट्ट्यात बर्फ जोराने पळे, शेजारच्या पट्ट्यात तसेच पडून राही. मध्येच थांबे, पुन्हा सुटे. शेतात उफणणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तोही वाऱ्याची चाल ओळखून सूप धरतो. सांगायचे ते हे, की आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचासुद्धा अभ्यास करता येतो.

आणखी एक गंमत पाहा. बाण सोडताना काही जणांची नजर लक्ष्यावरून सुटून बाणाकडे वळते. त्यावर ॲस्कमने उपाय सांगितला, की रात्री दिवे ठेवून त्यांच्यावर बाण मारण्याचा सराव करावा. अंधारात बाण दिसत नाही, म्हणून नजर दिव्यावरच राहते. कुठे अर्जुनाचा विझलेला दिवा आणि कुठे ॲस्कमचा पेटता दिवा! दोघांचा काळ निराळा, देश निराळा. पण अंधाराचा उपयोग दोघांना सुचला. तिफण धरणारा शेतकरीही बैलांच्या पायांकडे बघत राहिला तर तास वाकडे जाते. पलीकडच्या बांधावरच्या खुणेकडे नजर ठेवली तर ते सरळ येते. तसेच हे.

एवढा शहाणा ॲस्कम, पण एक गोष्ट त्याच्याही हातून सुटली. त्याच्या काळच्या रीतीप्रमाणे तोही दोरी कानापर्यंत ओढावी असेच सांगे. लढाईत ते योग्य होते. जितकी दोरी मागे, तितका बाण दूर. पण लक्ष्य वेधायचे असेल तर? याचे उत्तर मिळायला तीनशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात बंदूक आली आणि धनुष्य लढाईतून गेले. ते उरले खेळापुरते. १७८१ साली लंडनमध्ये धनुर्विद्येची एक मंडळी स्थापन झाली. तिने नाव घेतले ते ॲस्कमच्या पुस्तकावरून. गोल लक्ष्यावर रंगांची वर्तुळे आली. मध्ये सोनेरी, मग तांबडे, निळे, काळे आणि पांढरे. त्यांना आतून बाहेर ९, ७, ५, ३ आणि १ असे गुण. १८४४ साली यॉर्क शहरात पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. पुरुषांच्या स्पर्धेत १४४ बाण मारायचे. ७२ बाण १०० वारांवरून, ४८ बाण ८० वारांवरून आणि २४ बाण ६० वारांवरून. आता प्रत्येक बाणाचा हिशेब वहीत मांडला जाऊ लागला. कैरी पाडणाऱ्या पोराचा दिमाख येथे चालेना. एक बाण मधोमध लागला म्हणून काय झाले? बाकीच्या १४३ बाणांचे काय, हा प्रश्न होता.

या स्पर्धेत १८४९ साली होरेस फोर्ड नावाचा तरुण पहिला आला. तो १८५९ पर्यंत, सलग अकरा वर्षे पहिला येत राहिला. आणि मधल्या खंडानंतर १८६७ साली पुन्हा एकदा. लोकांना वाटले असेल, याच्या डोळ्यात काही विलक्षण असावे. पण १८५६ साली त्याने पुस्तक लिहून आपली सगळी रीत उघड केली. त्या रीतीत डोळ्याच्या तेजाचे नाव नाही. विचार आहे तो हाताच्या जागेचा.

फोर्डचे म्हणणे थोडक्यात असे. सुतार फळीची धार सरळ आहे की नाही, ते कसे पाहतो? फळी कानापाशी धरतो का? नाही. तो ती डोळ्यासमोर धरतो आणि धारेच्या रेषेत नजर लावतो. मग बाण कानापाशी ओढून त्याची रेषा डोळ्याला कशी कळणार? बाणाचे मागचे टोक डोळ्याच्या उजवीकडे राहते. टोक लक्ष्यावर आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात बाण डावीकडे रोखलेला असतो. मग माणूस अंदाजाने उजवीकडे धरतो. कधी अंदाज बरोबर येतो, कधी चुकतो. म्हणून फोर्डने दोरी कानाकडे नेणे सोडले आणि बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आणला. आता बाण आणि नजर एकाच उभ्या रेषेत आले. डावीकडची-उजवीकडची चूक गेली. उरला फक्त उंचीचा हिशेब. शिवाय हाताला ठरलेली जागा मिळाली. प्रत्येक वेळी हात तेथेच येणार, ना वर ना खाली.

१८५७ साली चेल्टनहॅम येथे दोन दिवसांत मिळून फोर्डने २८८ बाण मारले. त्यांतले २४५ लक्ष्याला लागले आणि गुण झाले १२५१. पुढे कित्येक दशके हा आकडा कुणाला गाठता आला नाही. पण मंडळी, उरलेले बाणही मोजा. त्या दिवसांतल्या सर्वांत मोठ्या धनुर्धराचे ४३ बाण लक्ष्याला साफ चुकले! नेम म्हणजे कधीच न चुकणे नव्हे. चुकलेल्या बाणांचाही हिशेब ठेवणे, हा त्याचा भाग आहे.

हाताच्या जागेला एवढे महत्त्व का, याचे गणित गुरुजींना फळ्यावर करून दाखवता येईल. आज ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरांवर असते. दोरीपासून बाणाच्या टोकापर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर धरा. म्हणजे लक्ष्याचे अंतर बाणाच्या लांबीच्या शंभर पट झाले. आता हनुवटीखाली दोरीची जागा फक्त एक मिलिमीटर सरकली आणि बाणाचे पुढचे टोक तेथेच राहिले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने लक्ष्यावर किती फरक पडेल? शंभर मिलिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर. आणि दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा १२.२ सेंटिमीटर. मध्यापासून कडेपर्यंत सहा सेंटिमीटर आणि वर थोडेसे. म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी जागा इकडे हलली की तिकडे बाण दहाच्या बाहेर! ही चूक डोळ्याने पकडता येत नाही. ती फक्त सवय पकडते.

पुढे विसाव्या शतकात बाणाचाही अभ्यास झाला. एक कोडे पुष्कळांना पडले होते. बाण धनुष्याच्या कडेला टेकलेला असतो, पण दोरी तर धनुष्याच्या मध्याकडे धावते. मग बाण बाजूला का फेकला जात नाही? अमेरिकेतल्या क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने बाणाची चित्रे घेतली. त्यांत दिसले, की सुटताना बाण पाण्यातल्या माशासारखा वळवळतो. तो वाकून धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होऊन जातो. म्हणजे बाण किती लवचीक आहे हे धनुष्याच्या ताकदीशी जुळले पाहिजे. फार ताठ असला तर एका बाजूला जाईल, फार लवचीक असला तर दुसऱ्या. आणि भात्यातले सगळे बाण एकसारखे हवेत. एक ताठ, एक लवचीक असे असले, तर हात कितीही सारखा चालो, बाण विखुरणारच.

पुढे धनुष्यावर एक लहानशी पातळ पट्टी बसवू लागले. बाण ठरलेल्या मापापर्यंत ओढला गेला, की ती टक्‌ करून वाजते. मगच बाण सोडायचा. का बरे? कारण आज दोरी थोडी जास्त ओढली, उद्या थोडी कमी ओढली, तर बाण खालीवर जाणार. ती पट्टी माणसाला दुसरे काही शिकवीत नाही. ती एवढेच सांगते, "काल होते तेवढेच आज." पाहिलेत ना? पाच अंगांपासून या टक्‌ आवाजापर्यंत सारा प्रवास एकाच दिशेने झाला आहे. जे केले तेच, तसेच, पुन्हा.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे, त्याकडे येतो. दोन मुले आहेत अशी कल्पना करा. दोघांनी सहा-सहा बाण मारले. पहिल्याचा एक बाण अगदी मधोमध आणि बाकीचे पाच चहूकडे विखुरलेले. दुसऱ्याचा एकही बाण मध्यात नाही. सगळेच्या सगळे डावीकडे खाली, पण वीतभर जागेत एकमेकांना चिकटून. यांतला कोण पुढे जाईल? बघ्यांच्या टाळ्या पहिल्याला पडतील. जाणता शिक्षक दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवील. कारण दुसऱ्याने सहाही वेळा तेच केले आहे. त्याची चूक एकच आहे. ती शोधा, दुरुस्त करा, की सगळे बाण एकदम मध्यात येतील. पहिल्याच्या पाच चुका पाच तऱ्हांच्या आहेत. त्याला आधी एकसारखे वागायला शिकवावे लागेल. सातत्य आधी, अचूकता मागून. म्हणूनच एखादाच बाण बाहेर गेला म्हणून लगेच नेमाची खूण हलवू नये. तिथे पुन्हा पुन्हा बाण जाऊ लागले, म्हणजे मग हलवावी.

गुरुजी, हेच आपल्या वर्गातही घडते की नाही? वजाबाकीची दहा गणिते दिली. एका मुलाची दहाही चुकली. आपण लाल रेघ मारतो आणि म्हणतो, "याच्या डोक्यात गणित नाही." पण एकदा वही नीट पाहा. कदाचित तो दहाही वेळा हातचा परत द्यायला विसरला असेल. तो त्याच्या नेमात पक्का आहे. फक्त नेमाची खूण एका बोटाने सरकली आहे. ती सरळ केली, तर दहाची दहा बरोबर येतील. आणि आपण तर त्याला खालच्या बाकावर बसवून मोकळे झालो!

ॲस्कमच्या गोष्टीचा शेवट येथेच येऊन मिळतो. पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. ती राणी झाल्यावर, १५६३ सालच्या डिसेंबरात, विंडसरच्या राजवाड्यात काही मोठे लोक जेवायला बसले होते. बातमी आली, की ईटनच्या शाळेतली काही मुले माराच्या भीतीने पळून गेली. त्यावर वाद झाला. मारल्यावाचून विद्या येत नाही असे काही म्हणाले. ॲस्कमने ते मानले नाही. जेवणानंतर सर रिचर्ड सॅकव्हिल नावाच्या एका दरबाऱ्याने त्याला बाजूला घेतले आणि सांगितले, की लहानपणी एका मारकुट्या मास्तरामुळे त्याचे मन विद्येवरून कायमचे उडाले; आता आपल्या नातवाचे तरी तसे होऊ नये. त्या संभाषणातून ॲस्कमने 'द स्कूलमास्टर' हे पुस्तक लिहायला घेतले. १५६८ साली तो वारला आणि १५७० साली त्याच्या पत्नीने ते प्रसिद्ध केले. ज्याने बाण चुकलेल्या माणसाला न रागावता चूक पाच जागी शोधायला सांगितली, त्यानेच मुलाच्या चुकीवर छडी उगारू नये असे सांगावे, यात मला आश्चर्य वाटत नाही.

ही सगळी दूरदेशीची कथा झाली असे म्हणू नका. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे. तेथल्या मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, शाळेतल्या शिक्षकांनी त्याला खेळाकडे वळवले आणि २०२१ साली तो टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे धनुष्य घेऊन उभा राहिला. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, चाकांच्या आधुनिक धनुष्याच्या प्रकारात, साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही एकाच दिवशी जगज्जेते झाले. आदितीचे वडील शिक्षक. अंतिम सामन्यात पन्नास मीटरांवरून पंधरा बाण मारायचे. पूर्ण गुण १५०. आदितीला पडले १४९ आणि ओजसला १५०. पंधराच्या पंधरा बाण आठ सेंटिमीटरांच्या वर्तुळात! मधोमध बाण लागणे कुणाच्याही नशिबी एकदा येईल. पंधरा वेळा येते ते नशिबाने नव्हे.

तेव्हा मंडळी, एक लहानसा प्रयोग करून पाहा. शाळेच्या भिंतीवर कोळशाने एक वर्तुळ काढा. पंधरा पावलांवर रेघ मारा. मुलांना ओल्या कापडाचा चेंडू द्या आणि प्रत्येकाला दहा वेळा मारायला सांगा. ओलाव्याचा डाग उठेल तेथे खडूने खूण करा. टाळ्या वाजवू नका, हसू नका. दहा खुणा झाल्या की मुलालाच विचारा, "तुझ्या खुणा कुठे जमल्या आहेत?" मग पाय, खांदा, हात, नजर आणि सोडणे ही पाच अंगे त्याच्याबरोबर तपासा. त्याने एकावेळी एकच गोष्ट बदलावी. तारीख घालून वहीत लिहावे. महिन्याभराने तीच वही उघडून पाहावी.

एकलव्याचा अंगठा गुरूने एकदा मागितला, ते आपण आजवर विसरलो नाही. पण "तुझ्या हातात ते नाहीच" असे आपण एखाद्या पोराला सहज बोलून जातो, तेव्हा आपणही त्याचा अंगठाच मागतो; आणि ते पोर मुकाट्याने देऊनही टाकते. पुन्हा कधी तो शब्द ओठांवर आला, तर क्षणभर थांबा आणि त्याच्या चुकांच्या खुणा पाहा. त्या एका जागी जमल्या असतील, तर ते पोर लक्ष्याच्या अगदी जवळ आले आहे. विखुरल्या असतील, तर त्याला नेम लावायचा आहे. आणि तो रोज थोडा थोडा लावता येतो.